नाशकात होमगार्ड होताना: काठी हातात घेण्याआधी समजून घ्यायचे नियम

विसर्जनाच्या दुपारी पंचवटी कारंजावर माझ्या शेजारच्या पॉइंटला, म्हणजे बंदोबस्ताला उभं राहायच्या ठरलेल्या जागेवर, एक नवी मुलगी उभी होती. होमगार्डची सनद, म्हणजे नेमणुकीचा दाखला, मिळून तिला महिनाही झाला नव्हता. कडक इस्त्रीचा गणवेश, नवे बूट, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. रविवार कारंजाकडून ढोलांचा आवाज यायला लागला तसं तिने मला विचारलं, "ताई, आपण नक्की कोणाला अडवू शकतो?"

प्रश्न बरोबर होता, पण तो पडायची वेळ चुकली होती. हे परेडच्या मैदानावर, बंदोबस्ताच्या कितीतरी आधी कळायला हवं. त्या रात्री गर्दीतून सवड मिळेल तसं मी तिला सांगत गेले. नव्याने नाव नोंदवणाऱ्या नाशिकच्या मुला-मुलींसाठी तेच इथे सविस्तर लिहिते आहे. मी पंचवटीत राहते, घरी शिवणकाम करते आणि 9 वर्षं होमगार्डमध्ये आहे.

आधी आपण कोण ते ओळखा

बाहेरचे लोक आपल्याला सरळ "पोलीस" म्हणतात, आणि पहिले काही महिने ते ऐकायला फार गोड वाटतं. पण आपण पोलीस नाही. आपण पोलिसांच्या मदतीला बोलावले जाणारे नागरिक आहोत. होमगार्डची सुरुवात 6 डिसेंबर 1946 ला मुंबईत झाली. दंगलींच्या त्या काळात शहरातल्याच लोकांनी पुढे येऊन शांतता राखायला हात द्यावा, ही कल्पना होती, आणि ती मांडणारे होते मोरारजी देसाई. पुढे 1947 मध्ये मुंबई होमगार्ड अधिनियम झाला. महाराष्ट्रात आजही आपल्याला तोच कायदा लागू आहे. 6 डिसेंबर हा वर्धापन दिन आणि "निष्काम सेवा" हे ब्रीद. निष्काम हा शब्द नुसता भिंतीवर लिहायला नाही. ही नोकरी नाही, इथे पगार नाही, पेन्शन नाही. बोलावलं तेवढ्या दिवसांचा भत्ता मिळतो. घर चालवायला दुसरा कामधंदा हवाच. हे आधी नीट समजून मगच अर्ज भरा, कारण महिन्याच्या पगाराच्या आशेने आलेली चांगली मुलं सहा महिन्यांत निराश होऊन परेडला यायची बंद झालेली मी पाहिली आहेत.

शहरात आपल्यासारखेच दिसणारे आणखी काही जण असतात. त्यांच्यात आणि आपल्यात गल्लत करू नका.

विशेष पोलीस अधिकारी हे महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 21 खाली नेमले जातात. दंगल किंवा शांततेचा मोठा भंग होईल अशी भीती असेल आणि नेहमीचं पोलीस बळ पुरणार नाही असं वाटलं, तर पोलीस आयुक्त लेखी, सहीशिक्क्याच्या आदेशाने 18 ते 50 वयाच्या धडधाकट पुरुषाला तसं नेमू शकतात. त्याला प्रमाणपत्र मिळतं आणि तेवढ्या काळापुरते साध्या पोलिसाचेच अधिकार आणि जबाबदाऱ्याही मिळतात. पोलीस मित्र वेगळे. गणेशोत्सवात, नवरात्रात टी-शर्ट किंवा जॅकेट घालून उभे राहणारे हे स्वयंसेवक मदत मोलाची करतात, पण त्यांना पोलिसाचा अधिकार नसतो. आणि मॉलच्या, बँकेच्या दारातला सुरक्षा रक्षक हा खाजगी नोकर. तुमच्या गल्लीतल्या मित्राने "मी पोलीस मित्र आहे, गाडीची कागदपत्रं दाखव" असं कोणाला म्हटलं, तर त्याला तिथेच थांबवा. लोकसेवक असल्याची बतावणी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली गुन्हा आहे, आणि फसवण्याच्या हेतूने लोकसेवकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणं हा कलम 205 खाली.

नोंदणी

भरतीची जाहिरात निघाली की अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. दहावी पास, वय 20 पूर्ण आणि 50 च्या आत. पुरुषांना उंची 162 सेंटीमीटर आणि छाती न फुगवता 76, फुगवून किमान 5 सेंटीमीटर जास्त. महिलांना उंची 150. मैदानी चाचणीत धावणं आणि गोळाफेक असते. पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800. धावण्याचा सराव महिनाभर आधी सुरू करा. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे पाच-साडेपाचला गेलात तर सोबतीला भरतीची तयारी करणारी दहा-वीस मुलं सहज भेटतील. पण चालण्याच्या बुटांत धावू नका, पोटऱ्या धरतात.

कागदपत्रांत दोन गोष्टींवर मुलं अडतात. एक म्हणजे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. ते तीन महिन्यांच्या आतलं लागतं, त्यामुळे फार आधी काढून ठेवून उपयोग नाही. दुसरी म्हणजे नोकरी करत असाल तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्यांना हे मिळवताना फार त्रास होतो. त्यांना माझा सल्ला एकच: मालकाला किंवा ठेकेदाराला खरं सांगा. बंदोबस्त बहुधा सणावाराला, निवडणुकीला लागतो आणि त्याचं पत्र मिळतं, हे समजावून सांगा. खोटं बोलून कागद मिळवला, तर पहिल्याच मोठ्या बंदोबस्ताला नोकरी आणि होमगार्ड दोन्ही अडचणीत येतात. रहिवासाचा, शिक्षणाचा आणि जन्मतारखेचा पुरावा तर लागतोच.

निवड झाली की सनद मिळते, तिच्यावर तुमचा सनद क्रमांक असतो. हा क्रमांक पाठ करा. हजेरीपासून भत्त्यापर्यंत सगळीकडे तोच विचारला जातो. माझा क्रमांक मला आधार कार्डापेक्षा लवकर आठवतो.

परेडला रजा नाही

परेड आठवड्यातून एकदा असते. मूलभूत प्रशिक्षणात कवायत, काठी, प्रथमोपचार, आग विझवणं, गर्दी सांभाळणं असं सगळं शिकवतात. नव्यांना वाटतं, सावधान-विश्राम करून काय मिळणार? मलाही आधी तेच वाटायचं. मग एका नवरात्रात कालिकेच्या यात्रेला सिग्नलजवळ गर्दी एकदम सरकली. साहेबांनी "साखळी" म्हटलं मात्र, आम्ही बाराजणी न बोलता हातात हात अडकवून उभ्या राहिलो. कोणी कोणाकडे वळून पाहिलं नाही. कवायत त्या क्षणासाठी असते, हे मला तेव्हा कळलं.

एक गोष्ट ऐकायला कडक वाटेल. सदस्य झाल्यावर परेडला किंवा बोलावलेल्या कामाला सबळ कारणाशिवाय न जाणं हा या कायद्याने नुसता आळस ठरत नाही, त्याला शिक्षा आहे. समादेशक, म्हणजे होमगार्डचे प्रमुख अधिकारी, ताकीद देऊ शकतात, निलंबित करू शकतात, काढूनही टाकू शकतात. त्यामुळे घरात लग्न आहे, परीक्षा आहे, बाळंतपण आहे, तर आधी लेखी कळवा. फोनवर "दादा, सांभाळून घ्या" म्हणणं म्हणजे कळवणं नव्हे. पथकातले दादा सांभाळूनही घेतील, पण कागदावर तुम्ही गैरहजर राहता.

अधिकार कधी सुरू होतो आणि कधी संपतो

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढा भाग लक्षात ठेवा.

शहर पोलिसांना बंदोबस्ताला माणसं लागली की मागणी होमगार्डच्या जिल्हा कार्यालयाकडे जाते. जिल्हा समादेशकांच्या आदेशाने पथकांना कॉल येतो आणि कोणी, कुठल्या पोलीस ठाण्यात, कधीपासून कधीपर्यंत हजर व्हायचं ते ठरतं. भद्रकाली, सरकारवाडा, पंचवटी, उपनगर, जिथे नाव असेल तिथे जाऊन हजेरी लावायची. त्या क्षणापासून तुम्ही कर्तव्यावर. कर्तव्यावर असताना कायदा तुम्हाला पोलिसाचेच अधिकार आणि पोलिसासारखंच संरक्षण देतो. तुम्ही लोकसेवक ठरता. तुमच्यावर कोणी हात उचलला तर तो लोकसेवकावरचा हल्ला. कर्तव्य बजावताना केलेल्या कामाबद्दल तुमच्यावर खटला भरायचा तर आधी मंजुरी लागते.

पण हे अधिकार सुटे मिळत नाहीत, ते पोलीस अधिकाऱ्याच्या हुकमाला बांधलेले असतात. बोलावलेला होमगार्ड ठाण्याच्या अधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली असतो. म्हणून "मी कोणाला अडवू शकते?" याचं उत्तर असं: पॉइंटवर सोडताना साहेबांनी ज्याला अडवायला सांगितलं त्याला, सांगितलं त्या कारणासाठी आणि सांगितलं तिथपर्यंत. मिरवणूक जाईपर्यंत मालवीय चौकातून दुचाकी सोडायची नाही असा हुकूम असेल, तर दुचाकी अडवा, मग ती कोणाचीही असो. तसा हुकूम नसताना, चेहरा आवडला नाही म्हणून कोणाला अडवू नका.

आणि बंदोबस्त संपून हजेरी उतरली की हे अधिकारही उतरतात. घरी जाताना रस्त्यात भांडण दिसलं तर तुम्ही इतर कोणाहीसारखे नागरिक आहात. अर्थात नागरिकालाही हात बांधून बसावं लागत नाही. आपल्या डोळ्यांदेखत कोणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे कोणीही त्याला पकडू शकतो. मात्र विनाकारण उशीर न लावता, आणि कुठल्याही परिस्थितीत 6 तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मधल्या वेळेत त्याला चोप देण्याचा हक्क कोणालाच नाही. साधा रस्ता म्हणजे 112 ला फोन करायचा आणि वर्णन, गाडीचा नंबर, गेल्याची दिशा सांगायची.

माझ्या पहिल्या वर्षातली चूक सांगते. बंदोबस्त संपला होता, गणवेश अंगावर होता, आणि मी घराजवळच्या भाजीबाजारात रस्ता अडवून गाडा लावणाऱ्या एकाला दमात घेतलं. त्याने शांतपणे विचारलं, "ताई, तुमची ड्यूटी कुठे आहे आज?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून ठाण्यातून निघताना मी गणवेशावर साधा शर्ट किंवा स्वेटर चढवते.

पॉइंटवर पोचल्यावर

ठाण्यात गेल्यावर हजेरी, मग सूचना, मग पॉइंट. सूचना चालू असताना मोबाइल खिशात ठेवा आणि चार गोष्टी विचारूनच बाहेर पडा: माझ्या पॉइंटचा अधिकारी कोण, त्यांचा नंबर काय, काय थांबवायचं आणि काय सोडायचं, आणि मला कोण, किती वाजता सोडवायला येणार. शहरात जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश चालू आहे का, हेही विचारा. पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली असे आदेश काढतात, आणि लोक पहिला प्रश्न पॉइंटवरच्या माणसालाच विचारतात.

सोडवणारा येईपर्यंत पॉइंट सोडायचा नाही, हा पहिला नियम. महिलांसाठी हा नियम पाळणं खरोखर कठीण आहे. बारा-चौदा तास उभं राहायचं आणि जवळ स्वच्छतागृह नाही, हे मी स्वतः भोगलं आहे. म्हणून मुलींनो, लाजू नका. सूचना चालू असतानाच विचारा, आणि शेजारच्या पॉइंटवालीशी ठरवून घ्या की ती दहा मिनिटं दोन्हीकडे पाहील. जाण्याआधी अधिकाऱ्याला सांगून जा. पाणी पिणं बंद करणं हा उपाय नाही. त्याने भर उन्हात चक्कर येऊन पडलेली आमचीच एक मुलगी मी उचलली आहे.

लोकांशी बोलायचं ते नात्याने आणि आदराने. आजी, मावशी, दादा, भाऊ. "ए, चल मागे" असं म्हटलं की समोरचा माणूस मागे सरकत नाही, तो उलटं बोलायला सुरुवात करतो. "दादा, पालखी जाऊ द्या, मग लगेच सोडते" म्हटलं की बहुतेक जण थांबतात, कारण त्यांना किती वेळ थांबायचं ते कळलेलं असतं. माझ्या अनुभवात लोक थांबायला नाही म्हणत नाहीत. का आणि किती वेळ ते सांगितलं नाही, तर मात्र चिडतात.

गर्दी असलेल्या ठिकाणी बॅगा तपासायचं काम लागलं, तर महिलेची अंगझडती फक्त महिलेनेच घ्यायची, तीही आडोशाला आणि तिचा मान राखून. पर्समधल्या गोष्टी चार लोकांसमोर ओतायच्या नाहीत. संशय आला तर पोलीस कर्मचाऱ्याला बोलवा, स्वतः निकाल देऊ नका.

हरवलेलं मूल सापडलं तर त्याला घेऊन शोधत फिरू नका. जिथे सापडलं तिथेच थोडं थांबा, कारण आई-बाप तिथेच परत येतात. मग अधिकाऱ्याला कळवून मदत केंद्रावर किंवा ठाण्यात नोंद करून द्या. बालकांसाठीची 1098 ही हेल्पलाइन लक्षात असू द्या. एका वर्षी रामकुंडाजवळ चारेक वर्षांची एक मुलगी मला सापडली होती. पायात पैंजण, आणि रडून रडून आवाजच गेलेला. नाव विचारलं तर "पिल्लू" एवढंच सांगायची. तिने माझ्या काठीचं टोक पकडलं आणि पाऊण तास सोडलं नाही. तिची आई कपालेश्वराच्या पायऱ्यांवरून धावत आली तेव्हा मी तिला लगेच पोर दिली नाही. आधी मुलीला विचारलं, "ही कोण?" मुलीने हात पुढे केले. मग पोलीस मॅडमसमोर आईचं नाव, पत्ता, फोन लिहून घेतला आणि मगच सोडलं. आईला त्या दोन मिनिटांचा राग आला. तो येणारच. तरीही असंच करायचं.

काठी

काठी उगारायची वेळ येईल असं नव्यांना वाटतं. नऊ वर्षांत मी ती लोकांना वाट दाखवायला, बॅरिकेड पेलायला आणि एकदा साप बाजूला करायला वापरली आहे. बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम देणं हे कार्यकारी दंडाधिकाऱ्याचं किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं काम, आणि प्रभारी अधिकारी नसेल तर उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याचं. हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 मध्ये लिहिलेलं आहे. या यादीत होमगार्ड नाही, हवालदारही नाही. हुकूम आला तर लागेल तेवढंच बळ, आणि डोक्यावर कधीच नाही. हुकमाशिवाय काठी पडली, तर कायद्याचं संरक्षण तुमच्या मागे उभं राहील या भरवशावर राहू नका. ते कर्तव्याला आहे, रागाला नाही.

हे करायचं नाही

वाहतुकीच्या पॉइंटवर दुचाकीची चावी काढून घेणं. हे मी आमच्यातल्याच एकाला द्वारका चौकात करताना पाहिलं. गाडीवाला मुलगा घसरला, मागून रिक्षा येत होती, थोडक्यात वाचला. हात करा, गाडी बाजूला घ्यायला सांगा, पुढचं वाहतूक पोलीस बघतील. ई-चलान करणं, दंड घेणं, लायसन जप्त करणं ही आपली कामं नाहीत. कोणी तुमच्या हातात पैसे ठेवून "पावती नको" म्हणाला, तर तिथेच मोठ्याने नाही म्हणा. लोकसेवक म्हणून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा तुम्हालाही लागू होतो. फुकटचा चहा, फुकटची भेळ यांनाही मी लाच म्हणते. माझ्या सोबतच्या काहींना हे जास्तच वाटतं. पण ज्या गाड्यावर फुकट खाल्लं तो गाडा दुसऱ्या दिवशी रस्त्यातून हलवायला तोंड उरत नाही.

गणवेशात रील करू नका. पॉइंटवरून फोटो टाकू नका, खास करून बंदोबस्त कुठे किती आहे हे दिसेल असे. गणवेशात कुठल्याही पक्षाच्या व्यासपीठाजवळ उभं राहू नका, नेता ओळखीचा असला तरी. मंडळात तुमचा भाऊ कार्यकर्ता असला तरी डीजे बंद करायची वेळ झाली की त्यालाही तेच सांगायचं जे दुसऱ्याला सांगता. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी असते. काही ठरावीक दिवशी 12 पर्यंत सूट मिळते. ती कुठल्या दिवशी आहे ते सूचनांत सांगतात, म्हणून तेही ऐकून ठेवा.

आणि कोणाचीही जात, धर्म, गाव विचारून वागणूक ठरवायची नाही. जुन्या नाशकात मिरवणूक मशिदीवरूनही जाते आणि मंदिरावरूनही. तिथे उभं राहणाऱ्या माणसाने दोन्हीकडे सारख्याच नजरेने पाहिलं पाहिजे. होमगार्ड दंगलीच्या काळात उभं राहिलं होतं, हे अशा ठिकाणी आठवावं.

गंगेवरची गर्दी

नाशिकचा बंदोबस्त म्हणजे शेवटी गंगेवरचा बंदोबस्त. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. इथे शिकायचं ते 27 ऑगस्ट 2003 वरून. त्या वर्षीच्या कुंभमेळ्यातल्या स्नानाच्या पर्वणीला काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या सरदार चौकाच्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. मी तेव्हा लहान होते. पण ज्या वडीलधाऱ्या होमगार्ड काकांनी मला गर्दी ओळखायला शिकवलं, ते त्या रस्त्यावरून जाताना आजही बोलायचे थांबतात.

त्यांनी शिकवलेलं इथे देते. उतारावर गर्दी थांबवायची नाही. थांबवायची असेल तर वर सपाटीला, उतार सुरू होण्याआधी. पुढे काय झालंय ते मागच्याला दिसत नाही, म्हणून तो ढकलतो. त्यामुळे मागे उभ्या असलेल्या होमगार्डला आधी कळवायला हवं, पुढच्याला नाही. एका वाटेने येणं, दुसरीने जाणं ठरलं असेल, तर "मावशी, एवढं एकदा जाऊ द्या" म्हणणाऱ्या एकीलाही उलट सोडायचं नाही. एक गेली की मागून पन्नास जातात. गर्दीत माणसं स्वतःच्या मनाने हलायची थांबली, लाटेसारखी डोलायला लागली, की तो धोका. त्या क्षणी वॉकीटॉकीवाल्या पोलिसाला सांगा, अर्धा मिनिटही थांबू नका. वरून काही वाटप होत असेल, पैसे किंवा प्रसाद उधळला जात असेल, तर ते आधी बंद करायला लावा.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पुराचा बंदोबस्त लागतो. नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की नाही ते पाहायला मुलांना खांद्यावर घेऊन येतात. त्यांचं कुतूहल मला समजतं, आम्हीही लहानपणी वडिलांसोबत गेलो आहोत. पण घाटाच्या पायऱ्यांना शेवाळ असतं. दोरीच्या आत कोणालाही सोडायचं नाही. कोणी वाहून जाताना दिसलं तर पोहता येत असलं तरी स्वतः उडी मारू नका. अग्निशमन दलाचे जवान आणि जीवरक्षक तिथे असतात. आपण ओरडायचं, जागा दाखवायची आणि मागची गर्दी हटवायची.

भत्ता, आरक्षण आणि पुनर्नोंदणी

1 ऑक्टोबर 2024 पासून कर्तव्य भत्ता दिवसाला 570 वरून 1083 रुपये झाला. तो बँक खात्यात जमा होतो, आणि बरेचदा उशिरा होतो. एकदा माझे निवडणूक बंदोबस्ताचे पैसे काही महिने अडकले होते, आणि घरात मुलीची फी भरायची होती. तेव्हा कामाला आली ती माझी वही. कुठल्या तारखेला, कुठल्या ठाण्यात, किती वाजता हजर, किती वाजता सुटका, अधिकाऱ्याचं नाव. ती घेऊन गेले आणि दोन दिवसांची राहिलेली हजेरी सापडली. पहिल्या दिवसापासून अशी वही ठेवा. खात्याचा आयएफएससी क्रमांक आणि आधार जोडणी पण तपासून घ्या.

तीन वर्षं सेवा पूर्ण झाली की राज्य पोलीस दल, वन विभाग आणि अग्निशमन दलाच्या भरतीत होमगार्डसाठी 5 टक्के आरक्षण आहे. बरीच मुलं यासाठीच येतात आणि त्यात गैर काही नाही. त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. तिच्या फाटकावरून जाताना मनात काय येतं ते मला माहीत आहे. फक्त तेवढ्यासाठी आलेल्यांनीही परेड बुडवू नये, कारण सेवेचा दाखला हजेरीवरच मिळतो. नियुक्ती तीन वर्षांची असते. मुदत संपत आली की पुनर्नोंदणीचा अर्ज वेळेत द्या, नाहीतर सेवेत खंड पडतो. सोडायचं असेल तर सनद, गणवेश, पट्टा, जे जे सरकारी ते सगळं परत करा आणि परत केल्याची पोच घ्या. घरी कपाटात लटकवलेला गणवेश उद्या कोणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही.

आता सिंहस्थाचं, म्हणजे येत्या कुंभमेळ्याचं. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण. नाशिकची अमृत स्नानं 2027 मध्ये 2 ऑगस्टला, 31 ऑगस्टला आणि 11 सप्टेंबरला. त्र्यंबकचं तिसरं 12 सप्टेंबरला. तिन्ही भर पावसाळ्यात. कुंभासाठी नाव नोंदवणार असाल तर त्याआधी एक अख्खा गणेशोत्सव आणि एक नवरात्र पॉइंटवर उभे राहा. सरदार चौकातून रामकुंडापर्यंत रिकाम्या दिवशी दोनदा चालून या, कुठे गल्ली फुटते, कुठे पायरी आहे, कुठे रुग्णवाहिका वळते ते पायांना माहीत असू द्या. बूट अर्ध्या नंबराने मोठे घ्या. चौदा तास पावसात उभं राहिल्यावर पाय सुजतात. पिशवीत सुक्या मोज्यांचे दोन जोड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.